खानापूर ते साष्टी : एका लहानग्या प्रवाशाबरोबर

मोठमोठ्या प्रवाशांनी लिहिलेली वर्णने आपण आवडीने वाचतो. त्यांत कोणी हिमालय चढून जातो, कोणी सातासमुद्रापलीकडची शहरे पाहून येतो. ज्या प्रवाशाविषयी मी येथे चार शब्द लिहिणार आहे, त्याच्या हातून असे काहीच घडलेले नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यातून ही स्वारी निघाली, लोंढ्यास आगगाडीत बसली, घाट उतरून मडगावास पोहोचली आणि तेथून साष्टीतील आपल्या आजोळी दाखल झाली. वय वर्षे शून्य, महिने दहा. सामान तिने स्वतः उचलले नाही. परंतु आमच्या चार पिशव्यांपैकी तीन तिच्याच होत्या. आपण कोठे जात आहोत हे तिने विचारले नाही, आणि कोणी सांगितले असते तरी आमच्या शब्दावर तिने चटकन विश्वास ठेवला असता, असे तिचा स्वभाव पाहता मला वाटत नाही.

घरात तिला आम्ही बाय म्हणतो. तिच्या आईचे माहेर साष्टीत, राचोलच्या बाजूस. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत आमच्याकडेही आहे व त्यांच्याकडेही आहे. नाताळ आटोपला की तिकडे जायचे असे ठरले होते. आजोळी पाळण्याची दोरी नवी घालून झाली होती, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्या शिवून झाल्या होत्या. परंतु बायने नाताळचीही वाट पाहिली नाही. नेमलेल्या दिवसापूर्वी सात आठवडे अगोदर, डिसेंबरातल्या एका थंड पहाटे, ती बेळगावच्या एका इस्पितळात जन्मास आली. वजन पावणेदोन किलो. माझ्या दोन तळहातांवर ती मावत होती आणि तरीही वर थोडी जागा उरत होती.

त्या दिवसांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, अशा कमी दिवसांच्या मुलांना उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून तासन्‌तास धरण्याची जी पद्धत आहे, ती तेथील परिचारिकांनी आम्हां दोघांसही शिकविली. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी १९७८ साली ही पद्धत सुरू केली. ऊब देणाऱ्या पेट्या तेथे अपुऱ्या पडत होत्या; तेव्हा आईचे अंग हीच पेटी समजावी, असे त्यांनी ठरविले. आज जगभर ती मान्य झालेली आहे, आणि आई थकली म्हणजे बापाचे अंगही चालते. मी दुपारचे तीन तीन तास शर्टाच्या आत ते इवलेसे ओझे घेऊन खुर्चीवर बसत असे. हलायचे नाही, खोकायचे नाही. सातव्या की आठव्या दिवशी तिचा हात वर सरकत आला आणि माझ्या कानाच्या पाळीवर येऊन थांबला. ती सवय आजतागायत आहे. झोप आली की बाय कोणाच्या तरी कानाची पाळी शोधते, दोन बोटांत धरते, आणि मग डोळे मिटते. माझी पाळी तिला आईच्या पाळीपेक्षा अधिक पसंत आहे, कारण तीत कर्णफूल टोचत नाही. हे मी जरा अभिमानाने सांगतो, याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

मूल म्हणजे मातीचा गोळा, घडवाल तसे घडते, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात. दहा महिने जवळून पाहिल्यावर माझे मत जरा निराळे झाले आहे. गोळा असेल, पण कुंभारापाशी येण्यापूर्वीच त्याने काही गोष्टी ठरवून टाकलेल्या असतात. उदाहरणार्थ, बाय कोणाकडेही पाहून लगेच हसत नाही. प्रथम ती कपाळाला आठी घालते. तलाठ्याच्या कचेरीत अर्ज वाचणाऱ्या जुन्या कारकुनासारखी ती समोरच्याचा चेहरा वरपासून खालपर्यंत वाचून काढते. मग निर्णय होतो. निर्णय अनुकूल असेल तर हसू येते, तेही प्रथम डोळ्यांत आणि बऱ्याच वेळाने ओठांवर. प्रतिकूल असेल तर खालचा ओठ पुढे येतो, आणि त्यानंतर काय होते ते आमच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे.

खेळणी तिला पुष्कळ आली. रबराचा हत्ती, घुंगरांचा खुळखुळा, तिच्या आत्याने बेळगावच्या बाजारातून आणलेली डोळे मिटणारी बाहुली. या सर्वांस तिने एकेकदा तोंडात घालून पाहिले आणि बाजूस सारले. तिचा जीव एका स्टीलच्या चमच्यावर आहे. तो हातातून खाली टाकायचा, तो कोठे गेला हे वाकून पाहायचे, आणि कोणी उचलून दिला की पुन्हा टाकायचा. सहा महिन्यांची असताना चमचा पडला की तिच्या लेखी तो जगातूनच नाहीसा होई. ती दुसरीकडे पाहू लागे. आठव्या महिन्यानंतर केव्हातरी तिला उमजले की, दिसत नाही ती वस्तू नाहीशी झालेली नसते, ती कोठेतरी असते व शोधता येते. आपणां मोठ्यांस ही गोष्ट इतकी साधी वाटते की, ती कोणाला शिकावी लागत असेल हेच आपल्या ध्यानात येत नाही. बायने ती स्टीलच्या चमच्यावर शिकून घेतली, आणि त्यासाठी तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, दिवसातून किती वेळा कंबर वाकवावी लागली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

रांगण्याच्या बाबतीत तिने आम्हांस काळजीत पाडले होते. शेजारची तिच्याच वयाची मुले घरभर फिरू लागली, आणि बाय मागे मागे जाई. पुढे ठेवलेल्या चमच्याकडे पाहत, तो हवा म्हणून रडत, ती हातांच्या जोराने उलट सरकत पलंगाखाली जाऊन पोहोचे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, पुष्कळ मुले प्रथम मागेच सरकतात, कारण पायांपेक्षा हातांत बळ लवकर येते. आणि अगोदर जन्मलेल्या मुलांचे वय जन्मदिवसापासून न मोजता नेमलेल्या दिवसापासून मोजावे, दोन वर्षे होईपर्यंत हाच हिशेब धरावा. या हिशेबाने ऑक्टोबरात बाय दहा महिन्यांची नसून साडेआठ महिन्यांचीच होती. आम्हांला हायसे वाटले. तरी रात्री दिवा मालवल्यावर तिची आई एखादे वेळी विचारीच, “पाय नीट आहेत ना हो तिचे?”

आता मुख्य अडचण सांगतो. बायची आजोळची आजी, जिला त्या बाजूला शामाय म्हणतात, गुडघ्यांच्या दुखण्याने दोन वर्षांपासून घराबाहेर पडू शकत नव्हती. घाटातला वळणावळणांचा रस्ता तिला झेपणारा नव्हता. नात दहा महिन्यांची होत आली तरी तिने तिला मांडीवर घेतले नव्हते. मोबाइलच्या काचेवर मात्र दोघींची भेट रोज संध्याकाळी होई. काचेवरची शामाय बायला आवडे. ती हसे, काचेला चाटून पाही. परंतु प्रत्यक्ष माणसाची गोष्ट वेगळी. अनोळखी चेहऱ्याला भिण्याचे वय नेमके हेच. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बहुतेक मुलांना हे भय येते, कारण आपले कोण व परके कोण हा भेद त्यांना तेव्हाच कळू लागतो. त्यात बायचा स्वभाव मुळात कारकुनी. आमचे प्रौढ, प्रेमळ धर्मगुरू तिला आशीर्वाद द्यायला आले असता तिने जो आकांत केला, त्यामुळे ते बिचारे अर्ध्या वाक्यावर परत फिरले. दहा महिने वाट पाहिलेल्या म्हातारीच्या वाट्याला हेच आले तर काय, ही धास्ती आम्हां उभयतांच्या मनात होती. पत्नी तिकिटे काढल्यापासूनच गप्प गप्प होती.

न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ साली एक दीर्घ अभ्यास सुरू केला. शंभरावर मुलांचा स्वभाव त्यांनी तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत टिपून ठेवला. त्यांना असे आढळले की, काही मुले सहज रुळतात, काही फार अवघड जातात, आणि काही हळूहळू रुळतात: ही शेवटची मुले नवे माणूस, नवे अन्न, नवी जागा यांपासून आधी मागे सरतात, आणि घाई केली नाही तर आपल्या वेळेने पुढे येतात. मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ कितपत बसतो यावर पुष्कळ अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे. हे वाचल्यावर मी पत्नीला म्हणालो, “आपली तिसऱ्या जातीची.” ती म्हणाली, “ते मला ठाऊक आहे. माझ्या आईला कोण सांगणार?”

ऑक्टोबरच्या सुटीत, सकाळची गाडी असते तो वार पाहून आम्ही निघालो. लोंढ्यापर्यंत मोटार. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भातशेते पिवळी पडू लागली होती आणि रानात पावसाचा ओलावा अजून शिल्लक होता. लोंढा हे खेडे जंगलात दडलेले आहे, परंतु त्याचे जंक्शन मोठे. फलाटावर बायने प्रथम इंजिनाकडे पाहिलेच नाही. तिचे लक्ष एका हमालाच्या लाल मुंडाशाकडे गेले आणि गाडी येईपर्यंत तिने ते सोडले नाही. हमालही मोठा समजूतदार. त्याने तिच्याकडे न पाहता डोके मात्र तिच्याच बाजूला ठेवले.

तिनईघाट मागे पडला की कॅसल रॉक येते. आजच्या प्रवाशाला हे रानातले एक शांत स्टेशन वाटते. पण ज्यांच्या घरातील माणसे जुन्या काळी या वाटेने गेली त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. इंग्रजांचा मुलूख येथे संपत असे आणि पोर्तुगिजांचा सुरू होई. मुरगावच्या बंदरापासून घाट चढून येणारा हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला. पुढे १९५५ साली सरहद्दीवरची गाडीच बंद झाली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतर ती वाट पुन्हा खुली झाली. आमच्या खानापूर भागातील कितीतरी ख्रिस्ती घरांची मुळे गोव्यात आहेत. मधल्या त्या वर्षांत लेकी इकडे व माहेर तिकडे अशी कित्येक घरांची स्थिती होती. काचेवरची भेटही तेव्हा नव्हती. त्या काळच्या आयांनी नातवंडे कशी पाहिली असतील, हा विचार मी गाडी थांबली असताना करीत होतो. बाय माझ्या शर्टाचे बटण तोंडात घालून ते सुटते का पाहत होती.

उतार सुरू होण्यापूर्वी येथे ब्रेक तपासतात व जादा इंजिने जोडतात. येथून कुळेपर्यंत सव्वीस किलोमीटरचा घाट आहे, आणि त्याचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस हात पुढे जाताना एक हात खाली. आगगाडीच्या दृष्टीने हा फार मोठा उतार होय. गाडी बैलगाडीसारखी जपून चालते. आणि मग बोगदे सुरू होतात.

पहिला बोगदा आला तेव्हा बाय माझ्या मांडीवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकाएकी काळोख झाला, चाकांचा आवाज दहापट वाढला. मी तिला घट्ट धरले. आता हंबरडा फुटणार अशी माझी खात्री होती. परंतु ती एकदम स्तब्ध झाली. श्वाससुद्धा रोखून धरल्यासारखी. उजेड आला तेव्हा तिने वळून माझा चेहरा पाहिला, मग आईचा. दोघेही होतो त्या जागी होतो. दुसऱ्या बोगद्यात तेच. तिसऱ्यातून बाहेर पडलो तेव्हा ती हसली. एखाद्या परक्याने दुपट्याआडून बुवाकुक करावे आणि तिने नाइलाजाने हसावे, तसे ते हसू होते. पाचव्या की सहाव्या बोगद्यापासून तिला सारा खेळ उमजला. काळोखातच ती “आ... आ...” असा आवाज चढवीत नेई आणि उजेड फुटताच किंचाळून टाळ्या वाजवी. टाळ्या म्हणजे एक हात दुसऱ्यास लागे असे नाही. परंतु हेतू स्पष्ट होता. समोरच्या बाकावर हुबळीकडचे एक वृद्ध कानडी गृहस्थ बसले होते. दोन बोगद्यांनंतर तेही काळोखात “आ...” म्हणू लागले. तिने त्यांच्याकडे आठी घालून पाहिले, पण रडली नाही. परक्या माणसाला एवढी सवलत तिने प्रथमच दिलेली मी पाहिली.

पुढे दुधसागर आला. सुमारे तीनशे दहा मीटर उंचीवरून मांडवीचे ते पाणी पायरीपायरीने कोसळते, आणि रुळांचा पूल त्याच्या अगदी समोरून जातो. पावसाळा नुकताच सरल्यामुळे धार भरलेली होती, तुषार खिडकीतून आत येत होते. डब्यातील यच्चयावत् माणसे एका बाजूस लोटली. मोबाइल उंचावले गेले. बायला मी उचलून धरले आणि म्हणालो, “बघ, बघ केवढे पाणी!” तिने गालावर पडलेला एक थेंब हाताने पुसला, हात चाटला, आणि शेजारच्या बाईच्या हातातील काकणांकडे वळली. निसर्गसौंदर्याविषयी तिचे काय मत झाले ते समजले नाही. धबधबा मागे गेला, काकणे कुळेपर्यंत पुरली.

घाट संपून सावर्डे आले की गाडीतील बोली पालटते. लोंढ्यास कानडी व मराठी ऐकू येत होती; आता कोकणी चढली. बायच्या कानांना हे नवे नव्हते. घरी मी व माझी आई मराठी बोलतो, तिची आई तिच्याशी कोकणी बोलते, आणि अंगणापलीकडे कानडी आहे. मूल गोंधळून जाईल, एकच भाषा धरा, असा सल्ला आम्हांस पुष्कळांनी दिला. परंतु तान्ह्या मुलाचा कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतो. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली असे दाखवून दिले की, ज्यांच्या घरी केवळ इंग्रजी बोलतात अशा सहा ते आठ महिन्यांच्या मुलांनाही आपल्या ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद ऐकू येतो, जो त्यांच्या आईबापांना सहसा कळत नाही. वर्ष भरत आले की तो त्यांच्याही कानांतून निसटतो, कारण तो कोणी वापरीत नाही. म्हणजे मूल जन्मते ते सर्व भाषांचे दरवाजे उघडे ठेवून, आणि ज्या दाराने कोणी येत नाही ते हळूहळू लावून घेते. आमच्या घरी तीन दारांनी वर्दळ आहे. असू द्यावी, असे मी ठरविले आहे.

यावरून आठवण होते ती फादर थॉमस स्टीफन्स यांची. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या या धर्मगुरूंनी आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे याच साष्टीत घालविली. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, आणि त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मागे, १६४० साली, तेथेच छापले गेले. या माणसाच्या पाळण्याशी आपला ‘ट’ कोणी उच्चारला नसणार. तिशीच्या घरात त्यांनी तो कानाला शिकविला असेल, आणि तो किती कष्टाने, हे त्यांनाच ठाऊक. बायला तो दुधाबरोबर फुकट मिळतो आहे. अर्थात अजून तिचा सर्व व्यवहार ‘ब’ आणि ‘ग’ या दोन अक्षरांवर भागतो.

मडगावाहून गाडी करून घरी पोहोचलो तो दुपार टळली होती. गोव्यातील जुन्या घरांना दारापुढे दोन्ही बाजूंस बसायचे कट्टे असलेला ओटा असतो, त्यास बल्कांव म्हणतात. तेथे शामाय काठी धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. “आयलें गो म्हजें बाय!” म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले, काठी खाली पडली.

बायने आठी घातली. खालचा ओठ पुढे आला. आणि मग असा काही आक्रोश झाला की शेजारच्या दोन घरांतून माणसे बाहेर आली. पत्नीचे डोळे भरून आले, ती पोरीला रागे भरू लागली, “अगं, तुझी शामाय ती, रोज बघतेस ना!” परंतु सासूबाईंनी हात मागे घेतले. काठी उचलून द्या म्हणून मला खूण केली, आणि शांतपणे म्हणाल्या, “ताका जाय तेन्ना येतलें तें.” तिला वाटेल तेव्हा येईल. न्यूयॉर्कच्या दांपत्याचे नावही त्यांनी ऐकलेले नाही.

पुढचे दोन दिवस त्यांनी जे केले ते मी दुरून पाहत होतो. त्यांनी नातीकडे पाहणेच सोडून दिले. सकाळी पेज घेऊन झाली की त्या बल्कांवावर बसत, माडाच्या झावळ्या पुढ्यात ओढून घेत आणि सुरीने पात सोलून हीर काढीत. खराटे बांधायचे होते. सुरीचा सर्र, सर्र असा आवाज एका लयीत चाले. बाय आईच्या कडेवरून हे सर्व पाही. पहिल्या दिवशी दारातून. दुसऱ्या दिवशी समोरच्या कट्ट्यावरून. शामायने मान वर केली की बाय आईच्या खांद्यात तोंड खुपशी. मान खाली गेली की पुन्हा पाही. रात्री कंदिलाएवढ्या मंद दिव्यात पाळणा हलवण्याचे काम सासूबाईंनी मागून घेतले. नात झोपल्यावर त्या तिच्याकडे पोटभर पाहून घेत. एकदा त्यांनी तिची पावले हातात धरून अंगठ्याने दाबून पाहिली, घोटे फिरवून पाहिले, आणि लेकीस म्हणाल्या की, पायांत काही एक खोट नाही. लेक काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने मला तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

मतभेद झाला तो फक्त गुळाविषयी. आजोळची पद्धत नाचणीचे तिजान करायचे, त्यात नारळाचा रस आणि गूळ घालायचा. वर्ष होईपर्यंत गूळ, साखर, मीठ नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. सासूबाई म्हणाल्या, सात मुले गुळावर वाढवली. लेक म्हणाली, डॉक्टर. अखेर दोन भांड्यांत दोन तिजाने झाली. बायने बिनगुळाचे मुकाट्याने खाल्ले आणि गुळाचे सासूबाईंनी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंजेलची घंटा झाली आणि घरातील सारी माणसे तेर्साला बसली. आमच्या इकडे रोझरी म्हणतात, गोव्यात तेर्स. देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती, सर्वांची तोंडे तिकडे. सासूबाईंना गुडघे टेकवत नाहीत. त्या भिंतीपाशी सर्वांच्या मागे एका ठेंगण्या स्टुलावर बसल्या होत्या. लाकडी मण्यांची त्यांची जुनी माळ गुडघ्यावरून खाली लोंबत होती. बायला आम्ही चटईवर सोडले होते, हातात चमचा देऊन. दुसऱ्या दशकाच्या सुमारास चमचा फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग आणखी आवाज आला नाही. तिने चमचा मागितला नाही, ही गोष्टच नवलाची होती, म्हणून मी हळूच मान वळवून पाहिले.

बाय चटईच्या बाहेर होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते, कोणी हात पसरीत नव्हते, कोणी “ये, ये” म्हणत नव्हते. तिने माळेवर डोळे लावले होते. उजवा हात पुढे टाकला, डावा गुडघा मागून आला. मग थांबून विचार केला. मग डावा हात. पुढे. दहा महिने मागे जाणारी पोर पुढे चालली होती. मी पत्नीच्या कोपरास स्पर्श केला. तिने पाहिले, आणि तिच्या तोंडची प्रार्थना तेथेच थांबली. सासूबाईंची थांबली नाही. त्यांना नात दिसत होती, नक्की दिसत होती; परंतु त्यांनी नजर मेणबत्तीवरून हलवली नाही, स्वर बदलला नाही. फक्त माळेचा हात थोडा खाली केला. बायने स्टुलाचा पाय धरला, मणी मुठीत घेतले, एक मणी तोंडात घातला. शामायने पुढला ‘नमन मोरिये’ सुरू केला. त्या दिवसाचा तेर्स एका दशकाने अधिक झाला असावा. माळेवर मोजायला मणीच मोकळे नव्हते.

त्यानंतर हळूहळू, फार हळूहळू, मांडी आली. चौथ्या दिवशी दुपारी बाय हीर काढण्याच्या कामात मदतीस बसली, म्हणजे काढलेले हीर विस्कटू लागली. पाचव्या दिवशी तिला शामायच्या कानाची पाळी सापडली. सासूबाईंच्या कानांत जुन्या पद्धतीची सोन्याची जड कुडी असते. बायने बोटांनी चाचपून पाहिले, कपाळाला आठी घातली. सासूबाईंनी काही न बोलता दोन्ही कुड्या काढून पदरात बांधल्या. लग्नापासून त्या कधी काढल्या नव्हत्या, असे पत्नीने मला नंतर सांगितले.

आमचे निघायचे दोन दिवस राहिले असताना वाड्यावरील चार बायका नात पाहायला आल्या. पहिल्या दिवशीचा आक्रोश त्यांनी ऐकलेलाच होता. बल्कांवावर शामायच्या मांडीत बाय बसली होती, एका हातात हीर, दुसऱ्या हातात पाळी. एका बाईने कौतुकाने हात पुढे करताच तिने मान वर केली आणि घरच्या मालकिणीने दारी आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावे तसे त्या चौघींकडे एकेक करून पाहिले. ओठ पुढे आला. सासूबाईंनी तिला जरा जवळ ओढून घेतले आणि बायकांना कट्टा दाखवून म्हणाल्या, “बसा. घाई करूं नाकात.”